आधी वहीत, मग स्क्रीनवर : प्रोग्रामिंग आणि गणिताबद्दल तुमचे प्रश्न

सुट्टी जवळ आली की कोर्सबद्दलचे प्रश्न वाढतात. यावेळी कागलपासून गडहिंग्लजपर्यंत बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यातले पाच प्रश्न घेतलेत. नावं छापत नाही.

प्रश्न : सर नमस्कार. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कागल तालुक्यातला, कोल्हापुरात रूम करून राहतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे तीन ऑनलाइन कोर्स पूर्ण केलेत, सर्टिफिकेटंपण आहेत. व्हिडिओ बघताना सगळं कळतं पण रिकामी स्क्रीन समोर आली की हातच चालत नाही. मग एआयला विचारतो, ते लगेच लिहून देतं आणि परत जिथल्या तिथं. गणित बारावीनंतर सुटलंय, त्यामुळं होतंय का हे? चौथा कोर्स कुठला करू?

उत्तर : चौथा कोर्स आत्ता अजिबात लावू नकोस. तुझ्यात काही कमी नाही, सराव चुकीच्या गोष्टीचा झालाय. व्हिडिओत शिकवणाऱ्यानं सगळे निर्णय आधीच घेतलेले असतात, व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव) कुठलं, लूप (परत परत चालवायचा भाग) कुठं, अट कुठली, आणि आपण फक्त मान हलवत असतो की हां बरोबर आहे. म्हणून कळल्यासारखं वाटतं. रिकाम्या स्क्रीनवर मात्र ते निर्णय आपल्यालाच घ्यायचे असतात आणि त्याची सवयच लागलेली नसते.

तर आता असं कर. व्हिडिओत सर रन दाबणार त्याच्या आधी पॉज कर आणि स्क्रीनवर काय येणार ते वहीत लिही. वहीतच लिही, मनात नको, कारण मनातलं उत्तर आपण नंतर सोयीनं बदलतो. मग चालू कर. चुकलं असेल तर का चुकलं ते कळेपर्यंत पुढं जाऊ नकोस. व्हिडिओ संपला की तो बंद करायचा आणि तोच प्रोग्राम कोऱ्या फाइलमध्ये न बघता लिहायचा, अडकलास तर बघ, पण बघितल्यावर परत पहिल्यापासून लिही. वेळ जातो यात, एका व्हिडिओला तासपण लागेल, लागू दे.

आणि स्वतःचा एक प्रोग्राम घे. कागल तालुक्यातला आहेस म्हणजे घरात नाहीतर शेजारी ऊस असणारच, मग ऊस बिलाचा हिशेब कर. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्रानं एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर) ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेच्या प्रमाणाला) क्विंटलमागं ३५५ रुपये. उतारा त्याच्यावर गेला की दर ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे वाढतात, खाली आला की तेवढेच कमी होतात, पण साडेनऊ टक्के किंवा त्याहून कमी असला तरी ३२९ रुपये ५ पैशांच्या खाली जात नाही. आता हे वहीत मांड. उतारा १२.२५ असेल तर २ टक्के जास्त, म्हणजे २० टप्पे, म्हणजे ६९ रुपये २० पैसे, म्हणजे क्विंटलला ४२४ रुपये २० पैसे आणि टनाला ४२४२. यातून तोडणी-वाहतूक वजा व्हायची आहे. एवढं हातानं जमलं की मगच कोड लिहायला बस.

लिहून झाल्यावर तपासायचं कसं ते पण सांगतो, कारण कोर्समध्ये यावर कोणी फारसं बोलत नाही. काठावरचे आकडे घालायचे. बरोबर १०.२५ घाल, ३५५ च आले पाहिजेत. ९.५ घाल : पाऊण टक्का कमी म्हणजे साडेसात टप्पे, २५ रुपये ९५ पैसे कमी, ३५५ मधून वजा केले की ३२९ रुपये ५ पैसे, म्हणजे सूत्र आणि खालची मर्यादा तिथं एकमेकाला चिकटतात. चिकटली नाहीत तर तुझ्या कोडमध्ये कुठंतरी गडबड आहे. ८ घालून बघ, तरी ३२९.०५ च यायला पाहिजेत. मग पुढची पायरी, ऊस गाळपाला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले नाहीत तर वर्षाला १५ टक्क्यांनी व्याज द्यायचं असा नियम आहे, तेवढी तारखांची वजाबाकी आणि व्याज घाल. हे तुझ्या वडिलांच्या बिलाशी ताडून बघता येतं, आणि मुलाखतीत विचारलं की काय केलंस तर तीन सर्टिफिकेटांपेक्षा यावर तुला जास्त बोलता येईल.

एआय वापर, मी नको म्हणत नाही. पण आधी स्वतःचा कोड लिही, तो चिकटव आणि सांग की उत्तर देऊ नको, फक्त कुठल्या ओळीत चूक आहे तेवढं सांग. चूक दुरुस्त तू कर.

गणिताचं म्हणशील तर सुरुवातीला जे लागतं ते बारावीच्या इंटिग्रेशनपेक्षा फार साधं आहे, भागाकार आणि बाकी, घातांक, मोजणी. हजार नावांची क्रमानं लावलेली यादी दरवेळी निम्मी करत गेलास तर जास्तीत जास्त दहा वेळात नाव सापडतं कारण २ चा दहावा घात १०२४, एवढं ज्याला पटलं त्याला बायनरी सर्च कळला. उसाचा प्रोग्राम पूर्ण झाल्यावर कोर्स पाहिजेच असेल तर एनपीटीईएलवर (आयआयटी वगैरे संस्थांच्या ऑनलाइन कोर्सची साइट) चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा आठ आठवड्यांचा कोर्स आहे, कोर्स फुकट, फी भरायची ती परीक्षेला बसायचं असेल तरच. त्यात दर आठवड्याला असाइनमेंट असते, तिच्यासाठी तो कोर्स करायचा.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, आम्ही राजारामपुरीत राहतो. एका ऑनलाइन कोडिंग क्लासवाल्यांचे सारखे फोन येतात, आधी फुकट डेमो दिला, आता म्हणतात मुलगा हुशार आहे पण आत्ता सुरू केलं नाही तर मागं पडेल, वर्षाची फी हप्त्यानं भरा. रक्कम आमच्या आवाक्याबाहेरची आहे. मन घट्ट करून घ्यावं का?

उत्तर : ताई, घेऊ नका. सातवीत कोडिंग केलं नाही म्हणून कुणी मागं पडत नाही, आणि कर्ज काढून तर नकोच. ज्या माणसानं तुमच्या मुलाला एक डेमो तास बघितलंय तो त्याच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल बोलतोय, यावरूनच ओळखा.

मुलाला आवड असेल तर स्क्रॅच द्या, आज्ञांचे ठोकळे जोडून स्क्रीनवरचं मांजर हलवायचं असं ते सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबनं २००७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, फुकट आहे, एकदा डाउनलोड केलं की इंटरनेट नसताना पण चालतं. त्यातलं मांजर थोडे दिवस इकडं तिकडं पळवू दे, मग त्याला सांगा, या मांजराकडून त्रिकोण काढून घे. समभुज त्रिकोणाचा कोन ६० म्हणून तो प्रत्येक कोपऱ्यावर ६० अंश वळायला सांगेल, आणि त्रिकोण होणार नाही, अर्धा षटकोन होईल. तिथं त्याला उत्तर सांगू नका. त्याला उठवा आणि हॉलमध्ये स्वतः त्रिकोणात चालायला लावा. कोपऱ्यावर आपण आतला कोन वळत नाही, बाहेरचा वळतो, १८० वजा ६० म्हणजे १२०, हे त्याला पायानं कळेल. मग चौकोनाला ९०, पंचकोनाला ७२, षटकोनाला ६०, आणि एकूण वळण दरवेळी ३६० च, हे त्याचं तो शोधेल, शोधू दे. हीच कल्पना १९६७ मधल्या लोगो या प्रोग्रामिंग भाषेपासून चालत आलीय, सेमूर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलांसाठीच केली होती. तुम्हाला कोडिंग येत नसलं तरी बिघडत नाही, शेजारी बसून "आता काय होणार रे?" एवढं विचारलं तरी क्लासपेक्षा जास्त होतं.

प्रश्न : मी गडहिंग्लज भागातल्या एका हायस्कूलमध्ये नववी-दहावीला गणित शिकवते. काही मुलं घरी मोबाइलवर कोडिंगचे व्हिडिओ बघतात आणि वर्गात येऊन विचारतात, मॅडम एक्स बरोबर एक्स अधिक एक असं कसं असू शकतं? मला ते समाधानकारक सांगता आलं नाही. शाळेत दहा-बारा जुने कॉम्प्युटर आहेत. गणिताच्या तासाला प्रोग्रामिंग आणता येईल का? सिलॅबस आधीच पुरा होत नाही.

उत्तर : मॅडम, तुमचा प्रश्न वाचून लई बरं वाटलं, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. कोडिंग कॉम्प्युटरच्या तासाला आणि विचार गणिताच्या तासाला अशी जी वाटणी आपल्याकडं झालीय तिनं दोन्ही विषयांचं नुकसान केलंय असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ते एक्स बरोबर एक्स अधिक एक. मुलं बरोबर अडखळलीत, त्यांना शाबासकी द्या. बीजगणितात दोन्हीकडून एक्स वजा केला की ० = १ उरतं, म्हणजे या समीकरणाला उकलच नाही. पण प्रोग्राममध्ये ते समीकरणच नाही, ती आज्ञा आहे. आधी उजवी बाजू जुनी किंमत घालून काढायची आणि आलेलं उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवायचं, जुनी किंमत गेली. फळ्यावर तक्ता काढा, प्रत्येक नावाला एक रकाना, प्रत्येक ओळीनंतर जुनी किंमत खोडून नवी लिहायची. मुलं दोन-तीन प्रोग्राम असे खडूनं चालवू देत, कॉम्प्युटर चालू न करता. जे तुम्ही गणितात शिकवताय की बरोबर चिन्ह म्हणजे दोन्ही बाजू समान, ते यामुळं कच्चं होत नाही, उलट दोन्हीतला फरक कळल्यामुळं पक्कं होतं.

आता वर्गात आणायचं काय, तर माझं पहिलं सुचवणं कापरेकर. द. रा. कापरेकर आपलेच, १९०५ ला डहाणूला जन्मले, देवळालीला शाळेत शिकवायचे, म्हणजे तुमच्यासारखेच शाळेतले शिक्षक, आणि त्यांनी १९४९ मध्ये शोधलेला ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावानं ओळखतात. चार अंकी संख्या घ्या, चारी अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, वजाबाकी करा, आलेल्या संख्येवर परत तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आणि तिथून पुढं ७६४१ वजा १४६७, परत ६१७४. आधी सगळ्या वर्गानं आपापली संख्या घेऊन वहीत करायचं. कुणाचं नाही आलं तर वजाबाकी चुकलीय, तपासायला शेजारी आहेच.

मग प्रोग्राम. मुलं लिहितील, काही संख्यांना छान चालेल, आणि मग तुम्ही त्यांना २१११ घालायला सांगा. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथं वहीत करणारी पोरं सहज ०९९९ लिहितात आणि ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ करून पुढं जातात, तीच गाडी ८०८२, ८५३२ करत ६१७४ ला पोचते. कॉम्प्युटरला पुढचं शून्य माहीतच नाही, त्याच्यासाठी ती तीन अंकी संख्या, ९९९ वजा ९९९ म्हणजे ० आणि पुढं शून्यच शून्य, प्रोग्राम ६१७४ ची वाट बघत फिरत बसतो. या ठिकाणी वर्गात जो गोंधळ होतो तो होऊ द्या, दहा मिनिटं गेली तरी चालतील. आपण हातानं करताना न बोलता जे गृहीत धरलं होतं, की चार घरं कायम ठेवायची, ते मशीनला सांगावं लागतं : चार अंक होईपर्यंत डावीकडं शून्य लाव. स्थानिक किंमत आणि शून्याचं काम पाचवीत शिकवलेलं असतं, ते नववीच्या पोराला खऱ्या अर्थानं इथं कळतं. त्याच्यानंतर विचारा की सगळ्यात जास्त किती पायऱ्या लागतात. सगळ्या चार अंकी संख्या लूपमध्ये घालून बघितल्या की उत्तर सात येतं, आणि हे हातानं कुणी करत बसणार नाही, कॉम्प्युटर कशाला हवा याचं उत्तर पोरांना मिळतं. तीन अंकांना काय होतं ते घरी करायला द्या.

दुसरी गोष्ट नववीच्या वास्तव संख्यांच्या धड्याला जोडून. पायथनला ०.१ अधिक ०.२ विचारा, ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ असं काहीतरी लांबलचक येतं. मुलं म्हणतील कॉम्प्युटर बिघडला. तुम्ही शिकवलेलं असतं की छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तर दशांश रूप खंडित, नाहीतर अखंड आवर्ती. ते २ आणि ५ का? कारण आपण दहानं मोजतो. कॉम्प्युटर दोननं मोजतो, त्याच्याकडं फक्त २ चालतो, त्यामुळं आपला साधासुधा एक दशांश त्याच्याकडं आवर्ती होतो, कुठंतरी तोडावा लागतो आणि तो तुकडा बेरजेत दिसतो. म्हणून पैशाचा हिशेब करताना रुपयांऐवजी पूर्णांक पैशांत करायचा. (पहिल्या प्रश्नातल्या कागलच्या मुलानंपण हे वाचावं.)

सिलॅबसबद्दल, सगळ्या धड्यांना करायला जाऊ नका. अंकगणिती श्रेढी आणि संभाव्यता, एवढे दोन धडे दहावीला घ्या, फाशाचा खेळ दहा वेळा आणि दहा हजार वेळा खेळून बघायला मशीन उत्तम आहे. दहा कॉम्प्युटर म्हणजे एकाला तीन-चार मुलं, एकच टाइप करणार, बाकीच्यांनी वहीत आधी उत्तर लिहायचं आणि सांगायचं, आणि थोड्या थोड्या वेळानं जागा बदलायच्या. सगळ्यात जोरात टाइप करणाऱ्यालाच कीबोर्ड देऊ नका, मुली मागं राहतात.

प्रश्न : घरी लॅपटॉप नाही, फक्त अँड्रॉइड मोबाइल. त्यावर शिकता येईल का? (अकरावी, हुपरी)

उत्तर : सुरुवात नक्की करता येईल. ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडलं की पायथन चालतं, काही इन्स्टॉल करायला लागत नाही. नेट कमी असेल तर पायड्रॉइड नावाचं ॲप आहे, ते ऑफलाइन चालतं. खरी अडचण टायपिंगची, कंस आणि स्पेस देताना जीव जातो, त्यासाठी ओटीजी केबल (मोबाइलला यूएसबी वस्तू जोडायची) घे आणि साधा यूएसबी कीबोर्ड लाव, बहुतेक मोबाइलला चालतो. आणि मोबाइल आहे म्हणून वहीतलं काम जास्त कर, पूर्ण प्रोग्राम कागदावर लिहून, तक्ता करून, मगच टाइप कर. मोठी वेबसाइट बनवायला पुढं कॉम्प्युटर लागेल, कॉलेजची लॅब दुपारी मोकळी असते का ते सरांना विचार, विचारायला लाजू नकोस.

प्रश्न : मी शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी (प्रोग्रामवर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर आहे, आयटीआय झालंय, वय २९. प्रोग्रामिंग शिकून पुढं जायचंय. पण सगळे कोर्स इंग्रजीत, गणित कच्चं, आणि वय पण झालं. मशीनवर जी-कोड चालवतो तेवढंच. काही उपयोग आहे का?

उत्तर : दादा, २९ म्हणजे काय वय झालं? आणि "तेवढंच" कशाला म्हणता, जी-कोड हा प्रोग्रामच आहे. ओळीमागून ओळ, एम९८ नं सबप्रोग्राम बोलवायचा, एम९९ नं परत यायचं, कोर्सवाले ज्याला फंक्शन म्हणतात ते तुम्ही रोज वापरताय. तुमच्या मशीनला फॅनुक कंपनीचा कंट्रोल असेल आणि मॅक्रोचा ऑप्शन चालू असेल तर त्यात व्हेरिएबल आहेत, इफ आहे, व्हाइल आहे, म्हणजे पायथनमधलं पहिल्या महिन्याचं सगळं.

इंग्रजीसाठी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा, दहा-दहा मिनिटांचे छोटे व्हिडिओ असतात, बरेच मराठीत आहेत, फुकट आहेत, आणि ते बघत बघत शेजारच्या विंडोत स्वतः करायचं अशाच पद्धतीनं बनवलेत.

गणित मात्र पुस्तक उघडून पहिल्यापासून करू नका, तुमच्या कामातलं घ्या. १०० मिलिमीटर पीसीडीवर (होल ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) सहा होल मारायचेत, मध्य शून्यावर. प्रत्येक होल ६० अंशांवर, एक्स म्हणजे ५० गुणिले कोसाइन, वाय म्हणजे ५० गुणिले साइन. पहिला होल ५० आणि ०, दुसरा २५ आणि ४३.३०१. हे आधी कॅल्क्युलेटरवर सहाही होलांचं काढा, ड्रॉइंगवर खुणा करा. मग पायथनमध्ये लूप लावून तेच छापून घ्या. इथं एक खड्डा आहे, आत्ताच सांगून ठेवतो : मशीनचा मॅक्रो कोन अंशांत घेतो, पायथन रेडियनमध्ये (कोनाचं दुसरं माप) घेतो. सरळ ६० घातलं तर कोसाइन ०.५ यायच्या ऐवजी उणे ०.९५ येईल आणि दुसरा होल भलतीकडं जाईल. अंशाचं रेडियन करायचं फंक्शन पायथनच्या मॅथमध्ये तयार आहे, ते वापरा. तुमच्याकडं हातानं काढलेले सहा आकडे असल्यामुळं ही चूक तुम्हाला लगेच दिसेल, फक्त व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला नाही दिसणार.

त्याच्यापुढं होलांची संख्या आणि पीसीडी विचारून पूर्ण जी-कोड फाइल लिहिणारा प्रोग्राम करा. नोकरी सोडून पुण्याला फुलटाइम क्लास लावायचा विचार असेल तर आत्ता नको. नुसतं पायथन येणारी मुलं भरपूर आहेत, पण ज्याला टूल ऑफसेटपण (टूलच्या मापाप्रमाणे मशीनला द्यायची दुरुस्ती) कळतो आणि कोडपण लिहिता येतो असा माणूस उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला कितीसा मिळतो? आहात तिथंच इन्स्पेक्शन रिपोर्ट, टूल लाइफच्या नोंदी असलं काही करून दाखवा, पगाराचं बोलणं त्याच्या जोरावर करा. आणि स्वतः बनवलेली फाइल मशीनला घालण्याआधी सिम्युलेशनमध्ये टूलपाथ बघा, सेटरला दाखवा, झेड वर उचलून ड्राय रन घ्या (काही न कापता नुसतं चालवून बघा), मगच जॉब लावा.